दोन कॅसेट, एक मैफल: पट्टी काळी चार की पांढरी सहा? आणि मग वाटायची कशी?

साखरपेठ

सोलापुरातली गणेशोत्सवातली ख्यालगायनाची मैफल, ऐंशीच्या दशकातली. बाई आता हयात नाहीत. वारसांशी बोलणं व्हायचंय, म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही. रसिकांत हातोहात फिरलेली कॅसेट आहे. सध्या दोन प्रती हाताशी आहेत:

अ प्रत: सी-९०, कॉपीची कॉपी. मैफल पूर्ण आहे, पण आवाज दबलेला आणि सा मोजला तर २१६.५ हर्ट्झच्या आसपास येतो. जाणकारांपैकी काहीजण म्हणतात बाई काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गायच्या, काही म्हणतात पांढरी सहा. हा सा दोन्हींच्या मध्येच कुठेतरी लटकतोय.

ब प्रत: सी-६०, बहुधा मूळ ध्वनिमुद्रण. आवाज खूपच मोकळा. पण प्रेशर पॅड (फीत हेडला दाबून धरणारी गादी) गळून पडलाय, एका टोकाला फीत चाकापासून सुटली आहे आणि दुसऱ्या रागाच्या द्रुतात कॅसेट संपते. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत सूर हळूहळू चढत जातो.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अ प्रतीवर नॉइज रिडक्शन लावलं तर खरखर गेली, पण तंबोराही गेला आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. आधी काय करायचं, नंतर काय, आणि तयार झाल्यावर लोकांना कशी द्यायची? यूट्यूबवर टाका म्हणून आग्रह आहे.

जुना_डेक

सॉफ्टवेअर बंद करा, आधी ब प्रतीच्या कवचाकडे या. मूळ प्रत हातात असताना अ प्रतीवर घाम गाळण्यात अर्थ नाही. अ फक्त शेवटच्या तुकड्यापुरती लागणार आहे.

ब चं कवच पाच स्क्रूंचं असेल तर सरळ आहे. तेवढ्याच मापाची, स्क्रूचीच, चालू स्थितीतली एखादी जुनी कॅसेट घ्या. भजनांची, लावण्यांची, कसलीही चालेल, जुन्या बाजारात पोत्याने मिळतात. दोन्ही कवचं सपाट टेबलावर, खाली पांढरा कागद अंथरून, स्क्रूची बाजू वर ठेवून उघडा. ब मधली दोन्ही चाकं फितीसकट उचलून नव्या कवचात ठेवा. नव्या कवचाचे रोलर, दोन्ही बाजूंचे पातळ घसरकागद, हेडसमोरची धातूची पट्टी आणि पॅड तसेच राहू द्या, म्हणजे पॅडचा प्रश्नही त्यातच मिटतो. फीत रोलरच्या बाहेरून आणि पॅडच्या पुढून जाते आहे ना, हे बघूनच झाकण लावा. स्क्रू एकदम आवळू नका, समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. जास्त आवळलेलं कवच फितीला धरून ठेवतं आणि मग सूर डुगडुगतो. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर ब्लेड ठेवून हलकेच पिळायचं. ते कवच फुटणारच, त्याची हळहळ नको.

चाकापासून सुटलेलं टोक चाकातल्या छोट्या खिट्टीत पुन्हा बसवता येतं. फीत मध्येच तुटली असेल तरच जोड लागतो. जोडायला ३.८१ मिमीची खास जोडपट्टीच वापरा, ४५ अंशांत कापून, आणि ती चकाकत्या पाठीवर लावा, हेडला घासणाऱ्या बाजूवर नाही. सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद सोलापूरच्या उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे चार वेढे एकमेकांना चिकटतात.

उन्हाळ्यावरून आठवलं: या कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत माळ्यावर होत्या का? मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून कोकणासारखी बुरशी फार दिसत नाही, पण उष्णतेने दुसरं दुखणं येतं. एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. मग शांत जागी पुढची तान आधीच बारीक ऐकू येते, किंवा थांबल्यावर मागून पुसट येते. वाजवण्यापूर्वी कॅसेट दोन-तीन वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे फिरवली की हे बरंच उतरतं. फितीचा ताणही एकसारखा होतो. फीत किंचाळत असेल तरी ओव्हनमध्ये भाजायचे प्रयोग करू नका. तो उपाय ठरावीक जातीच्या मोठ्या स्पूलसाठी आहे. साध्या फेरिक कॅसेटमध्ये किंचाळणं बहुतेक वेळा कवचाचं असतं आणि कवच बदललं की जातं.

आता डेक. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी पिंच रोलर मात्र साबणाच्या पाण्याने. अल्कोहोल वारंवार लागलं की रबर कडक होतं. डॉल्बी (सळसळ कमी करणारी सोय) बंद. त्या काळच्या हातातल्या टेपरेकॉर्डरना डॉल्बी नव्हती, वाजवताना चालू केलीत तर वरचे सूर कापले जातील. फितीचा प्रकार नॉर्मल, म्हणजे १२० मायक्रोसेकंद.

आणि सगळ्यात मोठा फरक अझिमथचा, म्हणजे हेड फितीशी किती काटकोनात आहे त्याचा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला स्क्रू असतो. मूळ जागा पेनाने खूण करून ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच काम होतं. गाण्याकडे कान लावू नका, फितीची सळसळ ऐका. ती जिथे सर्वांत तीक्ष्ण लागते तिथे थांबा. दुसऱ्या बाजूला आणि दुसऱ्या कॅसेटला हे पुन्हा करायचं.

उतरवून घेताना हेडफोनच्या भोकातून नाही, लाइन-आउटमधून. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तर नाहीच. बाहेरचा यूएसबी इंटरफेस, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. ९६ ला स्टीरिओ ९० मिनिटांची साधारण ३.१ जीबी वेव्ह फाइल होते. सर्वांत मोठा आवाज टाळ्यांचा असतो, तो उणे ६ डीबीच्या खाली ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्मी घूं घूं तिथेच जाते. वीज गेली आणि घरातला साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर चालू झाला तर काम थांबवा. ती गुणगुण नंतर निघत नाही.

खर्ज

वर लिहिलंय त्यात एकच भर. ब मूळ असेल तर ती मोनो यंत्रावरची असणार. स्टीरिओ डेकचं हेड ती दोन अरुंद पट्ट्यांत वाचतं. दोन्ही पट्ट्या चांगल्या असतील तर बेरीज करा, खरखर थोडी उतरते. पण अ सारख्या कॉपीच्या कॉपीत आधीच्या डेकचा तिरपेपणा फितीतच शिजलेला असतो. तिथे डोळे मिटून बेरीज केली की वरचे सूर आपसांत खाल्ले जातात. एक तर लाट मोठी करून बघत एक चॅनल चार-दोन सॅम्पल सरकवा (९६ ला एक सॅम्पल म्हणजे १०.४ मायक्रोसेकंद), नाहीतर जो चॅनल चांगला तो एकटाच घ्या.

आता पट्टी. काळी चारचा सा २०७.६५, पांढरी सहाचा २२०. तुमचा २१६.५. म्हणजे एक तर कॅसेट ४.३ टक्के जलद आहे आणि खरी पट्टी काळी चार, किंवा १.६ टक्के संथ आहे आणि खरी पट्टी पांढरी सहा. दोन्ही शक्य आहेत. १.६ जवळ आहे म्हणून तेच खरं, असं धरू नका. हातातल्या टेपरेकॉर्डरला चार टक्के म्हणजे काहीच नाही, सहा टक्क्यांना अख्खा अर्धा स्वर सरकतो.

निकाल विजेवर लावायचा. आपली वीज ५० हर्ट्झची. मंडपातल्या लाउडस्पीकरच्या तारांतून तिची घूं घूं माइकमध्ये आणि तिथून फितीत गेलेली असते, टेपरेकॉर्डर सेलवर असला तरीही. शांत जागेचा, निदान ३३ सेकंदांचा तुकडा घ्या (राग संपून पुढचा सुरू होण्याआधीचा उत्तम). त्याची वेगळी प्रत करून २,००० हर्ट्झवर रीसॅम्पल करा, मग ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कोणती वारंवारता किती आहे ते दाखवणारा आलेख) आकार ६५,५३६. असं केलं की हर्ट्झच्या शंभराव्या भागांत वाचता येतं. मूळ ४८,००० वरच बघितलंत तर एक-एक घर ०.७३ हर्ट्झचं, त्यात ५० आणि ५१ नीट सुटे होत नाहीत. ५० च्या आसपास, आणि तिप्पट म्हणजे १५० च्या आसपास काय काय उंचवटे आहेत ते लिहा.

सा मोजतानाही तंबोऱ्याच्या जोडीच्या (मधल्या दोन तारांच्या) मूळ सुरावर नको, त्याच्या चौथ्या पटीवर मोजा आणि चारने भागा. चूक चौपट कमी होते.

साखरपेठ

ट्रंक माळ्यावरच होती. मोजमाप अ प्रतीचं: चौथी पट ८६६, म्हणजे सा २१६.५ बरोबर. उंचवटे तीन दिसतात: ४९.९७, ५०.४ आणि ५१.१. तिप्पट जागी १५३.३ स्पष्ट दिसतो.

खर्ज

झालं काम. ४९.९७ हा तुमच्या आजच्या डेकचा, आजच्या विजेचा. तो अगदी बारीक रेषेसारखा असेल, कारण तो फितीतून आलेला नाही. ५०.४ कॉपी करणाऱ्या डेकचा. ५१.१ मंडपातला.

काळी चार धरून वेग ४.३ टक्के उतरवला तर ५१.१ चे ४९.० होतात. पांढरी सहा धरून चढवला तर ५१.९. त्या काळात ग्रीडवर मागणी जास्त आणि वीज कमी, संध्याकाळच्या भाराच्या वेळी वारंवारता ५० च्या खाली, ४९ च्या आसपास घसरलेली असायची. गणपतीच्या दिवसांत रात्री ५१.९ पटत नाही. पट्टी काळी चार.

बरेच जण इथेच फसतात: मंडपातली घूं घूं ५० वर आणून ठेवतात. तसं केलं तर सा २११.८ येतो, काळी चारच्या वर ३४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). वीज कोणती पट्टी ते सांगते, नेमका सूर सांगत नाही. नेमका सूर पेटीवरून घ्यायचा. ऑडॅसिटीत चेंज स्पीडमध्ये उणे ४.०९ टक्के टाका (भागाकार २०७.६५ भागिले २१६.५). चेंज पिच नको. त्यात लय तशीच राहते आणि नुसता सूर उतरतो. इथे दोन्ही एकत्र बिघडलेत, दोन्ही एकत्रच दुरुस्त व्हायला हवेत. जुनी पेटी स्वतःच दहा-पंधरा सेंट इकडेतिकडे असते, त्यापुढे कीस पाडू नका.

ब प्रतीच्या शेवटी सूर चढतो ते सेल उतरल्यामुळे. मुद्रण करताना मोटार मंद झाली, आता ती फीत बरोबर वेगाने वाजते म्हणून सूर वर. मोटारीचा गव्हर्नर बराच वेळ वेग धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो, म्हणून हे शेवटच्या आठ-दहा मिनिटांतच दिसतं. दर मिनिटाला सा मोजून कागदावर लिहा, टाइम ट्रॅक (जागोजागी वेग बदलणारी रेषा) जोडा, त्याची मर्यादा ९० ते ११० करा आणि त्या-त्या जागी बिंदू ठेवून रेषा खाली आणा. निर्यात केलेल्या फाइलमध्ये तो बदल उतरतो. तिथे पुन्हा सा मोजा, पहिल्या फेरीत क्वचितच जमतं.

कोमल_धैवत

तंबोरा का गेला ते सांगतो. नॉइज प्रोफाइल तुम्ही गाणं थांबलेल्या जागेवरून घेतलंत, पण तिथे तंबोरा चालूच होता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अखंड वाजणारी गोष्ट म्हणजेच गोंगाट. ख्यालाच्या मैफलीत तंबोरा नसलेली जागा दोनच ठिकाणी मिळते: निवेदनाच्या आधी-नंतर, किंवा तारा लावताना मध्ये हात थांबतो तिथे. अर्धा-एक सेकंद मिळाला तरी पुरे. कॅसेटच्या शेवटचा कोरा भाग घेऊ नका, कोऱ्या फितीची सळसळ मुद्रित फितीपेक्षा कमी असते, माप चुकतं.

मग ६ डीबी, सेन्सिटिव्हिटी ३ किंवा ४, स्मूदिंग ३. आणि लावण्याआधी रेसिड्यू निवडून ऐका, म्हणजे जे काढलं जाणार आहे तेच ऐकू येतं. त्यात नुसतं 'श्श्श' असेल तर ठीक. गुणगुण किंवा 'स', 'त' ची टोकं ऐकू आली तर कमी करा. १२ डीबीचा मोह आवरा. रसिक कान खरखर पाच मिनिटांत विसरतो, पण तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) गेलेली विसरत नाही.

घूं घूं काढतानाही हाच धोका. ५१.१ आणि त्याच्या पटींवर अगदी अरुंद नॉच (तेवढीच वारंवारता कापणारी गाळणी) लावा, वेग दुरुस्त करण्याआधी, म्हणजे रेषा कुठे आहे ते नक्की माहीत असतं. ब मध्ये ती रेषा दुसरीकडे असेल, तिथे वेगळं मोजा. अ मध्ये १०२.२ ला लावताना तंबोऱ्याचा खर्ज १०८ च्या जवळ आहे हे लक्षात ठेवा. नॉच रुंद झाला की खर्जाची तार बसते.

एक गोष्ट दुरुस्त होणार नाही. त्या यंत्रांत आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असायची. सम आली, तबल्याचा 'धा' पडला की तंबोरा एकदम बुडतो आणि दीड-दोन सेकंदांत वर तरंगतो. हे हाताने भरायला गेलात तर प्रत्येक आवर्तनात नवा खड्डा कराल. सोडून द्या. दाद, खोकला, मागे रस्त्यावरचा भोंगा, हेही राहू द्या. फक्त माइकला धक्का लागलेले ठोके एक-एक करून काढा.

जोड: दोन्ही प्रती आधी एकाच सा वर आणा, मगच जोडा. द्रुतात ब जिथे संपते त्याच्या सात-आठ आवर्तनं आधी, तबल्याच्या ठसठशीत बोलाच्या किंचित आधी, ३० ते ५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक विरत असताना दुसरी चढवणं). अ दबलेली आहे म्हणून तिच्यावर ४ किलोहर्ट्झच्या वर ३ डीबीपर्यंत उचल चालेल, पुढे नुसती खरखर उचलली जाईल. जोड थोडा ऐकू आला तर येऊ द्या, त्याची वेळ टिपणात लिहा. बाजू उलटताना विलंबितात जी दरी पडली आहे ती अ मध्येही असेल तर तशीच ठेवा. दुसऱ्या आवर्तनाचा तुकडा चिकटवून बुजवू नका. गायिकेने न गायलेलं काही आपण तिच्या नावावर करू नये.

जुना_डेक

नॉचबाबत सहमत, पण मी म्हणेन काहीही न केलेली कच्ची फाइल आधी वेगळ्या डिस्कवर ठेवा. दहा वर्षांनी साधनं सुधारतात आणि आपले आजचे प्रताप दिसायला लागतात.

पेठेतला_वकील

वाटण्याबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८: कलाकाराचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ५० वर्षं. मैफल १९८६ ची धरली तर २०३६ अखेरपर्यंत. हा हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. त्याआधीच्या मैफलींना तो कसा लागतो यावर वाद घालणारे घालोत, तुम्ही वारसांची लेखी परवानगी घ्या. साधं पत्र पुरतं: कोणती मैफल, कुणाला द्यायची, पैसे घेणार नाही, आणि त्यांनी सांगितलं की काढून टाकू. कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला मोकळीक आहे. चारशे लोकांच्या गटात लिंक टाकणं हा खासगी वापर नव्हे.

शेवटी नाट्यपद किंवा भावगीत असेल तर तो वेगळा विषय. पारंपरिक बंदिशीला सहसा अडचण नाही, पण पदाचे कवी-संगीतकार असतात आणि त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि निवेदन नीट ऐका. आकाशवाणीची उद्घोषणा निघाली तर ते मंडपातलं मुद्रण नाहीच, आकाशवाणीचं आहे; मग वारसांच्या पत्राने काम भागणार नाही.

यूट्यूब शेवटी. तिथे एकदा गेलं की जाहिराती कोण लावतो, कोण उतरवून घेऊन आपल्या नावाने चढवतो, हे आपल्या हातात राहत नाही. कायमचं टिकावं असं वाटत असेल तर एक प्रत गुरुग्रामच्या आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीकडे देण्याचा विचार करा. देणारा तिथे वापराच्या अटी ठरवू शकतो.

खर्ज

कशात द्यायची ते राहिलं. फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान होणारी फाइल), २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, रागाप्रमाणे वेगळ्या फाइल, कापताना टाळ्या आधीच्या रागाला जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, ऑडिओ म्हणून नाही. ज्यांना मोबाइलवर ऐकायचं आहे त्यांना वेगळी एमपीथ्री द्या, पण फाइलच्या नावातच तसं लिहा. नाहीतर कुणीतरी तिचंच फ्लॅक करून फिरवतो. असं बनावट फ्लॅक ओळखायला स्पेक्ट्रोग्राम बघा. कॅसेटमध्ये गाणं बारा किलोहर्ट्झच्या वर फारसं नसलं तरी सळसळ वरपर्यंत हळूहळू विरत जाते. ती १६ वर सुरीने कापल्यासारखी थांबली तर मध्ये एमपीथ्री येऊन गेली आहे.

सोबत साधी मजकूर फाइल: कोणती कॅसेट, कितवी कॉपी, कवच बदललं, डेक, इंटरफेस, वेगात किती टक्के बदल आणि कशावरून ठरवला, जोड कुठल्या मिनिटाला, नॉइज रिडक्शन किती. वेगाचा आकडा विसरू नका. चार टक्के जलद प्रत फिरत राहिली तर साठीतल्या बाईंचा गळा चाळिशीतला वाटतो आणि नवीन मुलं त्या तानेच्या वेगाला हात जोडत बसतात.

साखरपेठ

ब चं कवच बदललं, स्क्रूचंच निघालं. अझिमथनंतर सळसळ एकदम उघडली. ब चा सा सुरुवातीला २०९.१, शेवटी २१९ पर्यंत जातो. एक शंका: टाइम ट्रॅकमध्ये सुरुवातीचा फरकही तिथेच धरायचा, की आधी चेंज स्पीड करायचं?

खर्ज

तिथेच धरा, एकाच फेरीत. सुरुवातीला ९९.३, शेवटी ९४.८. दोनदा रीसॅम्पल कशाला?